शनिवारचं कॉलेज

आपल्याकडे कॉलेज वर्तमानपत्रात येतं ते ठरावीक कारणांनी. निकाल लागला, पेपर फुटला, प्रवेशाच्या यादीत घोळ झाला, नाहीतर गॅदरिंगला एखादा नट येऊन नाचून गेला. कॉलेजच्या मुलींनी खो-खोची आंतरविद्यापीठ स्पर्धा जिंकली तर आतल्या पानावर चार ओळी येतात आणि त्यातही कर्णधाराचं आडनाव चुकलेलं असतं. अशा वळणात वाढलेला मी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावी भाचीकडे मुक्कामाला होतो. शुक्रवारी संध्याकाळी टीव्ही लावला, तर निवेदक गंभीर चेहऱ्याने एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घोट्याची हकिकत सांगत होता. सूज किती आहे, डॉक्टर काय म्हणाले, काल सरावाला तो लंगडत होता की नव्हता. मला वाटलं, गव्हर्नरचा मुलगा असेल. भाची म्हणाली, "नाही रे मामा, सेकंड इयरला आहे." मुलगा सेकंड इयरचा होता, घोटा मात्र सबंध राज्याचा होता.

ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर. तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची आसनं १,०७,६०१. म्हणजे तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं वगळली तर अख्खं गाव आत बसवता येईल. प्रत्यक्षात सामन्याच्या शनिवारी बाहेरून दुसरं तेवढंच गाव येतं. ज्या हिरवळीवर एरवी शेजाऱ्याच्या कुत्र्याने पाय ठेवला तरी दारात चिठ्ठी पडते, त्याच हिरवळीचा मालक हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन रस्त्यावर उभा राहतो आणि गाड्या आत घेऊन डॉलर मोजतो. माणसं पहाटेपासून गाडीची डिकी उघडून तिथेच शेगडी मांडतात, खुर्च्या टाकतात, खातात, पितात. आमच्या भाचीच्या मंडळींनी डिकीत साबुदाणा वडे आणले होते. शेजारच्या गाडीतल्या एका गोऱ्या आजोबांनी दोन खाल्ले आणि तिसऱ्याची कृती विचारली.

खेळाबद्दल मी फार बोलू नये. तो त्यांचा फुटबॉल. त्यात पायाचा चेंडूशी संबंध अधूनमधूनच येतो. सात-आठ सेकंद एकमेकांच्या अंगावर धडकायचं, मग बराच वेळ उठायचं. एकदा तर दोन्ही संघ तयार उभे, पंच तयार, लाखभर माणूस तयार, आणि काहीच होईना. मी विचारलं, कोणाची वाट बघतायत? भाचीने मैदानाच्या कडेचा एक माणूस दाखवला. तो टीव्हीवाल्यांचा. घरोघरच्या पडद्यावर जाहिराती चालू होत्या. त्या संपल्याची खूण त्याने केली की खेळ पुढे सुरू. एवढ्या गर्दीत खरी सत्ता कोणाच्या हातात आहे ते मला त्या क्षणी कळलं.

"मामा, तू खेळ बघू नकोस," भाची म्हणाली, "माणसं बघ."

माणसं बघितली. पुढच्या रांगेत सत्तरी ओलांडलेले एक दंतवैद्य होते, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे-निळे. ते १९७४ साली इथून पदवी घेऊन गेले आणि तेव्हापासून दर मोसमात येतात. बोलताना ते "आम्ही" म्हणत. आम्ही तिसऱ्या टप्प्यात ढिले पडतो, आमचा बचाव यंदा कच्चा आहे. मैदानावरची मुलं त्यांच्या नातवाच्या वयाची. शिवाय चार वर्षांत ती सगळी जाणार, नवी येणार. व्यावसायिक संघातला आवडता खेळाडू म्हातारा होतो, निवृत्त होतो, जाहिरातीत दिसू लागतो, आणि त्याच्याबरोबर आपलंही वय उघडं पडतं. कॉलेजचा संघ कायम विशीतला. आपण आलो तेव्हा विशीतला, आपण केस रंगवायला लागलो तेव्हाही विशीतला. दंतवैद्यांना आपली विशी बसून बघायला जागा मिळाली होती, तीही आसन क्रमांकासह.

प्रसिद्धीच्या प्रकाशाचं कारण खेळात शोधायला गेलं की हाताला लागत नाही. तो प्रकाश आधी खेळावर पडलाच नव्हता. अमेरिकेत दोन कॉलेजांमध्ये पहिला सामना झाला तो १८५२ साली, न्यू हॅम्पशायरमधल्या एका तळ्यावर, हार्वर्ड आणि येल यांच्यात, होड्यांचा. खर्च केला एका रेल्वे कंपनीने. मुलांना फुकट सहल आणि कंपनीला तळ्याकाठी उतारू, असा सरळ सौदा होता. हार्वर्ड जिंकलं. रेल्वेही जिंकली असावी. फुटबॉलचा पहिला सामना त्यानंतर सतरा वर्षांनी, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. रटगर्सने ६-४ने जिंकला. जाहिरात आधी, खेळ नंतर, हा क्रम तिकडे पहिल्यापासून चालत आला आहे.

मग वर्तमानपत्रांना या मुलांचा शोध लागला. १८८३ साली जोसेफ पुलित्झरने न्यूयॉर्कचं 'वर्ल्ड' विकत घेतलं आणि खेळाच्या बातम्यांसाठी वेगळं खातं काढलं. खातं काढलं की त्याला रोज चारा लागतो. बेसबॉलचा मोसम शरद ऋतूत संपतो आणि तेव्हाच कॉलेजांचा फुटबॉल रंगात येतो. येल आणि प्रिन्स्टनची मुलं थँक्सगिव्हिंगला न्यूयॉर्कमध्ये येऊन एकमेकांना तुडवू लागली. बघायला श्रीमंतांच्या बग्ग्या येत, आणि श्रीमंतांच्या बग्ग्या आल्या की बातमीत टोप्यांचं आणि झग्यांचंही वर्णन लिहिता येतं. ज्यांनी जन्मात कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं ते न्यूयॉर्कचे हमाल आणि टांगेवाले येलच्या बाजूने की प्रिन्स्टनच्या, यावर वाद घालू लागले.

१९०५च्या मोसमात हा खेळ खेळताना अठराच्या आसपास पोरं जिवाला मुकली. ज्या पेपरांनी खेळ वाढवला त्यांनीच मृतांच्या याद्या छापल्या. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वर्षी हार्वर्डच्या नवख्यांच्या संघात होता आणि नाक फोडून घेऊन बसला होता. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि जिच्यातून पुढे कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए झाली ती संस्था उभी राहिली. चेंडू हवेत उडू लागल्यावर खेळ लांबून दिसायला लागला. लांबून दिसणारा खेळ पत्रकाराला लिहायला सोपा.

लिहिणारे तरी कसे होते! १९२४च्या ऑक्टोबरमध्ये नॉटर डेम विद्यापीठाने आर्मीला, म्हणजे लष्करी अकादमीला, १३-७ने हरवलं, तेव्हा ग्रँटलंड राइस या बातमीदाराने नॉटर डेमच्या चार खेळाडूंना थेट बायबलमधल्या प्रलयकाळाच्या चार घोडेस्वारांच्या पंक्तीला बसवलं. सहा गुणांनी जिंकलेला सामना, आणि उपमा जगबुडीची. पण खरा कलावंत दुसराच. कॉलेजच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एका विद्यार्थ्याने खरेखुरे चार घोडे मिळवले, त्यांच्यावर त्या चौघांना खेळाच्या पोशाखात बसवलं आणि फोटो काढून घेतला. फोटो देशभर छापून आला. त्या पोरांना घोड्यावर बसता येत होतं की नव्हतं, याची कोणी चौकशी केली नाही.

त्याच विद्यापीठांतून तलवारबाजी चालते, नेमबाजी चालते, वॉटर पोलो चालतो. पेन स्टेट विद्यापीठाचे तलवारबाज अनेकदा देशात पहिले आलेले आहेत. पण लाखभर माणसं बसतात ती पेन स्टेटच्या फुटबॉल स्टेडियममध्ये. तलवारबाजीत एक अडचण आहे. चेहरा जाळीआड, हालचाल डोळ्यांपेक्षा वेगवान, आणि हरायला कोणी शेजारी नाही.

शेजारी फार महत्त्वाचा. आमच्या भाचीच्या घरात तो थेट जावई होऊन आला आहे. जावईबापू नागपूरचे, पण शिकले ओहायो स्टेटला. मिशिगनच्या माणसापुढे ओहायो स्टेटचं नाव काढणं म्हणजे काय, ते मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही विद्यापीठं १८९७पासून एकमेकांशी फुटबॉल खेळतात. सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात जिथे जिथे इंग्रजी 'एम' हे अक्षर असेल तिथे लाल पट्ट्यांनी त्याच्यावर फुली मारतात, कारण मिशिगन त्या अक्षराने सुरू होतं. जावईबापू हे मला समोसा खात सांगत होते आणि भाची भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती.

"मामा, तुम्हाला वाटतं हे फुटबॉलचं आहे," जावईबापू म्हणाले. "हे जमिनीचं आहे."

आणि ते खरं निघालं. १८३५ साली टोलेडो गाव कोणाचं, यावरून मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांवर सैन्य काढलं होतं. युद्धाची एकूण हानी म्हणजे मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला खिशातल्या छोट्या चाकूने झालेली जखम. तीही बरी झाली. टोलेडो ओहायोला गेलं, बदल्यात मिशिगनला उत्तरेकडचं मोठं द्वीपकल्प मिळालं, तिथे पुढे तांबं आणि लोखंड निघालं. बांधावरून भाऊबंदकी झालेल्या कोणत्याही गावातला माणूस सांगेल की मिशिगनचा यात फायदाच झाला. पण बांधाचं दुःख फायद्याने जात नाही. त्याला दरवर्षी एक शनिवार लागतो.

शनिवारही साधासुधा नाही. आपल्याकडे शनिवार मारुतीचा, तसा तिकडे तो कॉलेजचा, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. व्यावसायिक फुटबॉलला टीव्हीचे हक्क एकत्र विकायची सवलत संसदेने १९६१ साली दिली, पण त्या कायद्यात एक मेख मारलेली आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी तुमचं प्रक्षेपण शाळा-कॉलेजांच्या सामन्यांच्या आड आलं, तर ही सवलत नाही. म्हणून शुक्रवारची संध्याकाळ हायस्कूलची, शनिवार कॉलेजचा आणि रविवार धंदेवाल्यांचा. वारांची एवढी नीट वाटणी आमच्या सोसायटीच्या पाण्याचीसुद्धा होत नाही.

ज्या राज्यात बडे धंदेवाले पोचलेच नाहीत तिथे तर सातही वार कॉलेजचे. नेब्रास्का घ्या. मका, गुरं, लांबलचक सरळ रस्ते. तिथे बड्या लीगमधला फुटबॉलचा संघ नाही, बेसबॉलचा नाही, बास्केटबॉलचाही नाही. लिंकन शहरातलं विद्यापीठाचं स्टेडियम १९६२पासून सामन्यागणिक भरत आलं आहे. हे फुटबॉलचं वेड म्हणावं तर ३० ऑगस्ट २०२३ची गोष्ट मध्ये येते. त्या संध्याकाळी त्याच मैदानात व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं आणि विद्यापीठाच्या मुलींचा ओमाहाच्या मुलींशी सामना ठेवला. ९२,००३ माणसं आली. वरच्या रांगेतून व्हॉलीबॉल दिसायला दुर्बीणच हवी. पण त्या लोकांना चेंडू बघायचाच नव्हता. त्यांना लाल कपडे घालून, जमून, आपण इथले आहोत असं ओरडायचं होतं. विद्यापीठाने उद्या लगोरीचा संघ काढला तरी नेब्रास्का येईल आणि मागून कॅमेरे येतील, असा माझा अंदाज आहे.

बास्केटबॉलचं प्रकरण वेगळं. तिथे गर्दी घरात बसलेली असते आणि तिच्या हातात कागद असतो. दर मार्चमध्ये 'मार्च मॅडनेस' नावाच्या स्पर्धेत ६८ कॉलेजं उतरतात; हरला तो घरी. पहिल्या चार प्राथमिक लढती सोडल्या की ६३ सामने उरतात, आणि कोण जिंकणार याचा तक्ता देशभरचे कारकून, नर्सा, प्राध्यापक आणि मंत्री आधी भरून ठेवतात. अध्यक्ष असताना बराक ओबामा टीव्हीवर येऊन भरत. सगळे निकाल बरोबर येण्याची शक्यता, नुसतं नाणं उडवून भरलं तर, ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८मध्ये एक. आपल्या जुन्या मोजणीत जेमतेम ब्याण्णव परार्ध. भाचीच्या ऑफिसात हा तक्ता दरवर्षी स्वागतकक्षातली बाई जिंकते. ती कॉलेजांच्या कपड्यांच्या रंगावरून निवड करते. सांख्यिकीत डॉक्टरेट केलेली आमची भाची मागून चौथी येते.

या तक्त्याने एक भलं केलं. कॉलेज कितीही आडवळणी असो, एका रात्रीपुरतं ते देशाला तोंडपाठ होतं. २०१८ साली यूएमबीसी नावाच्या मेरीलँडमधल्या विद्यापीठाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्याला हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती पहिलीच वेळ. तोवर यूएमबीसी ज्या खेळासाठी ओळखलं जाई तो होता बुद्धिबळ. वर्षानुवर्षं त्यांच्या बुद्धिबळपटूंनी करंडक आणले आणि कोणी कॅमेरा पाठवला नाही. मग एका रात्री उंच पोरं नीट खेळली.

टीव्हीवाले विचारलं की सांगतात, लोक बघतात म्हणून आम्ही दाखवतो. पण १९७९च्या सप्टेंबरात ईएसपीएन सुरू झालं ते दिवसाचे चोवीस तास खेळ दाखवायला, आणि चोवीस तास पुरेल एवढा खेळ तेव्हा विकत मिळत नव्हता. या स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या स्वस्तात हाताला लागल्या, त्या त्यांनी दाखवल्या. आधी रिकामे तास होते, प्रेक्षक मागून आले. उलटी बाजू मुलींची. २०२१च्या स्पर्धेत पुरुषांना व्यायामासाठी दालन भरून यंत्रं आणि मुलींना हलक्या डंबेल्सची एक छोटी मांडणी. एका खेळाडूने त्याचा व्हिडिओ काढून जगाला दाखवला, तेव्हा 'मार्च मॅडनेस' हे नाव महिलांच्या स्पर्धेला वापरायची मुभा पुढच्या वर्षी मिळाली. २०२४च्या एप्रिलमध्ये आयोवाची केटलिन क्लार्क अंतिम सामन्यात उतरली. साउथ कॅरोलायनाने तो सामना जिंकला, पण बघायला सुमारे १ कोटी ८९ लाख लोक होते. पुरुषांच्या अंतिम सामन्याला सुमारे १ कोटी ४८ लाख. इतकी वर्षं कोणी बघत नाही असं जे सांगत होते तेच दुसऱ्या दिवशी चर्चासत्रात बसून कारणं सांगत होते.

पैशाबद्दल थोडंच लिहितो, कारण आकडे वाचून जेवण जात नाही. कोणत्या कॉलेजचे किती सामने दाखवायचे, हे १९८४पर्यंत एनसीएए ठरवत असे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. निकालाच्या विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. खेळलेल्या माणसाला पुढचं दिसत असावं. आता बऱ्याच राज्यांत सरकारी पगारपत्रकावर पहिलं नाव गव्हर्नरचं नसून विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचं असतं. टीव्हीच्या पैशापोटी कॉलेजांनी गटबाजी अशी केली की अटलांटिक किनाऱ्याच्या गटात आता पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड खेळतं. भूगोलाचं मत कोणी विचारलं नाही. आणि ज्यांच्या घोट्यावर हे सगळं उभं त्या पोरांना २०२१च्या जुलैपर्यंत स्वतःच्या नावावर एक जाहिरात करून पैसे घ्यायचीही बंदी होती. ते विद्यार्थी आहेत ना, म्हणून.

या सगळ्यातून एक जण उठून गेला होता. शिकागो विद्यापीठ एके काळी फुटबॉलमधलं बडं प्रस्थ. सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा १९३५चा पहिला मानकरी त्यांचाच. १९३९ साली मिशिगनने त्यांना ८५-० असं धुतलं, आणि त्याच डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहाने त्यांनी फुटबॉल बंद करून टाकला. स्टेडियम ओस पडलं. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जाखालच्या एका बंदिस्त कोर्टात एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या बळावर चालणारी पहिली अणुसाखळी प्रक्रिया घडवली. कॉलेजच्या मैदानावर त्या शतकात घडलेली सर्वांत मोठी घटना हीच. युद्धाचं गुपित म्हणून एकही बातमीदार हजर नव्हता. तिथे आता ग्रंथालय आहे. फुटबॉलही १९६९ साली परत आला, पण लहान प्रमाणात. त्यांचा घोटा सुजला तर घरचेच बर्फ लावतात.

मी हे भाचीला सांगत होतो तर ती म्हणाली, "आणि पुण्यात तू पुरुषोत्तमला घसा बसवून यायचास ते?" पोरीची स्मरणशक्ती आईवर गेली आहे. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवतात. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी "अरे आव्वाज कुणाचा" अशी जी आरोळी उठते, तिच्यापुढे ॲन आर्बरचा लाखाचा जमाव सौम्य वाटेल. निकाल पेपरात फोटोसकट येतो, अभिनयाच्या उत्तेजनार्थ पारितोषिकांपर्यंत, आणि तिथे आडनावं चुकत नाहीत. शहरानुसार भांडणाचा विषय बदलतो, इतकंच. मात्र पुणं ते पुणं. २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका पात्र वाटली नाही म्हणून करंडक कोणालाच दिला नाही. मी जावईबापूंना विचारलं, नोव्हेंबरातल्या तुमच्या सामन्यानंतर पंचांनी असं जाहीर केलं तर? ते बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "मिशिगनला मिळाला नाही ना, मग ठीक आहे."

त्याच आठवड्यात भाचीच्या घरी तिथल्या मराठी मंडळींची दिवाळीच्या कार्यक्रमाची बैठक होती. तिथी कोणी बघितलीच नाही. सेक्रेटरींनी पर्समधून फुटबॉलचं वेळापत्रक काढलं. या शनिवारी सामना गावात, म्हणजे हॉटेलं तिप्पट दराने, पार्किंग नाही, नाटकाचा सेट आणणारी व्हॅन अडकणार. त्या शनिवारी सामना परगावी, पण संध्याकाळी साडेसातला. प्रेक्षागृहात फक्त आजी-आजोबा आणि तंबोरा. एका काकूंनी सुचवलं, मध्यंतरात स्कोअर सांगू. तबलजींना ते पटलं नाही, कारण तबलजी स्वतःच मिशिगनचे आणि त्यांना मध्यंतरापर्यंत दम निघणार नव्हता. तासाभराने कार्यक्रम रविवारवर गेला. वेळ सकाळी नऊची ठरली, कारण रविवारी दुपारी एकला धंदेवाल्यांचे डेट्रॉइट लायन्स असतात.